भावी नगरसेवकाची पहिली दहा वर्षं

डिसेंबरात नागपुरात हिवाळी अधिवेशन भरलं की मंत्र्यांचा मुक्काम असलेल्या रविभवनाच्या फाटकाबाहेर सकाळपासून तरुण पोरांचे घोळके उभे असतात. कुणाच्या हातात शाल-श्रीफळ, कुणाच्या हातात निवेदनाची फाईल, तर कुणाच्या हातात नुसता मोबाईल, कारण मंत्र्यासोबत एक फोटो मिळाला तरी खेप वाया गेली नाही असं वाटतं. वय एकोणीस ते सव्वीस. यातल्या बऱ्याच जणांचं नाव वस्तीच्या चौकात ‘भावी नगरसेवक’ म्हणून एकदा तरी फ्लेक्सवर लागून गेलेलं असतं. त्यांच्याकडे पाहून नाक मुरडणं सोपं आहे आणि शहरातला शिकलेला वर्ग ते सवयीनं करतो. मला ते पटत नाही. एकोणिसाव्या वर्षी सार्वजनिक कामात नाव काढावंसं वाटणं यात वावगं काहीच नाही. वावगी आहे ती वाट, जी आपण या पोरांसाठी शिल्लक ठेवली आहे. ती कुण्या भाऊंच्या घरासमोरून सुरू होते आणि बहुतेकांची तिथेच संपते.

लवकर सुरुवात करणं नागपूरला नवं नाही. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये बाविसाव्या वर्षी नगरसेवक झाले आणि १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी महापौर. नितीन गडकरी १९८५ मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी विधानसभेला पडले आणि चार वर्षांनी पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेले. दोघंही विद्यार्थी संघटनेतून आलेले. हे आकडे शहरातल्या प्रत्येक इच्छुकाला तोंडपाठ आहेत. पण त्यातून तो फक्त वय उचलतो. पहिल्याचे वडील विधान परिषदेचे सदस्य होते, घरात राजकारण होतं, हे तो सोडून देतो. दुसऱ्यानं सुरुवातीलाच हार पचवली, हेही सोडून देतो. बाविसाव्या वर्षी जमलं नाही की पंचविसाव्या वर्षी त्याला आपण संपलो असं वाटायला लागतं.

कायद्यानं वयाच्या पायऱ्या नीट आखून दिल्या आहेत. अठराव्या वर्षी मत, एकविसाव्या वर्षी महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, पंचविसाव्या वर्षी विधानसभा आणि लोकसभा, तिसाव्या वर्षी विधान परिषद. कागदावर ही बारा वर्षांची शिडी आहे. प्रत्यक्षात तिच्या खालच्या पायऱ्या एकेक करून काढल्या गेल्या.

पहिली पायरी महाविद्यालयाची. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष निवडणुका थांबल्या आणि गुणपत्रिका पाहून प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. निवडणुकांमधली हिंसा हे त्यामागचं कारण होतं आणि ते खोटं नव्हतं. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानं निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये कार्यक्रमही ठरला, पण विधानसभा निवडणूक तोंडावर आहे म्हणून तो पुढे ढकलला गेला. मग करोना आला आणि विषय मागे पडला. हिंसा आणि पैसा आवरायचे नियम मात्र २००६ पासून तयार आहेत. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं लागू केल्या त्याला आता दोन दशकं होत आली : उमेदवाराला ५,००० रुपयांची खर्चमर्यादा, छापील पोस्टरला मनाई, ७५ टक्के हजेरी, पदवीच्या विद्यार्थ्यासाठी १७ ते २२ हे वय, पदाधिकारी म्हणून एकदाच उभं राहण्याची मुभा, अर्जापासून निकालापर्यंत सगळं दहा दिवसांत. या निवडणुकीतून कोण जिंकतो हे मला फार महत्त्वाचं वाटत नाही. हरलेला मुलगा दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच मतदारांच्या शेजारी बाकावर बसतो. हार पचवायला शिकवणारी दुसरी इतकी स्वस्त शाळा नाही. ती बंद ठेवून आपण पोरांना राजकारणापासून दूर ठेवलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा कुठल्याही आमदाराच्या संपर्क कार्यालयात संध्याकाळी डोकावून यावं.

दुसरी पायरी महापालिकेची. मागच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं ते जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळपास चार वर्षं प्रशासकाची. २०२२ मध्ये जो एकवीस वर्षांचा होता, तो पंचविशीला आला तोवर त्यानं एकही सर्वसाधारण सभा प्रेक्षक गॅलरीत बसून पाहिलेली नव्हती. स्थायी समितीत विषय कसा येतो, तहकूब कसा होतो, यातलं काही त्याच्या कानावर आलं नाही. या काळात वस्तीतलं गटार फुटलं की जायचं कुणाकडे? माजी नगरसेवकाकडे, नाहीतर आमदाराकडे. म्हणजे सगळी वाट पुन्हा भाऊंच्या दारातून.

आणि प्रभाग. याबद्दल शहरात फारसं बोललं जात नाही, पण तरुणांची दारं सगळ्यात घट्ट लावली ती चारसदस्यीय प्रभागानं. २००७ मध्ये नागपुरात एका प्रभागात एक नगरसेवक होता, २०१२ मध्ये दोन, २०१७ पासून चार. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या घरात आणि जागा १५१. एकसदस्यीय प्रभाग असता तर उमेदवाराला साधारण १६,००० लोकांची वस्ती सांभाळावी लागली असती. तीन-चार कार्यकर्ते आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी, एवढ्यावर तिथलं प्रत्येक दार वाजवून होतं. चारसदस्यीय प्रभागात हाच आकडा ६५,००० च्या आसपास जातो. तिथे दार वाजवून भागत नाही. तिथे चिन्ह लागतं, पॅनल लागतं, चारही जागांचा खर्च पेलणारा माणूस लागतो. मतदाराला चार वेळा बटण दाबायचं असतं, आणि तीन मतं एका चिन्हाला देऊन चौथं अपक्षाला देण्याइतका हिशेब मतदान यंत्रासमोर फार थोडे जण करतात. १५१ जागांच्या २०१७ च्या सभागृहात अपक्ष निवडून आला एक. तरुणांना संधी द्या असं व्यासपीठावरून सांगणाऱ्या कुठल्याही पक्षाला आधी विचारलं पाहिजे की प्रभाग एकसदस्यीय करायला तुमची तयारी आहे का. मुंबईत तसे आहेत. म्हणजे अशक्य नाही.

क्षेत्रसभेचं तर नावही बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. मतदान केंद्रांच्या छोट्या समूहागणिक नागरिकांची सभा भरावी, तिथून कामं सुचवली जावीत, अशी तरतूद २००९ मध्ये महापालिका कायद्यात आली. ती कागदावरच राहिली.

पायऱ्याच नसल्यावर पोरगा माणूस धरतो. भाऊंच्या मागे फिरण्याचं अर्थशास्त्र एकदा नीट मांडायला हवं, कारण घरच्यांना ते कळत नाही आणि पोराला ते मांडायचं नसतं. पेट्रोल त्याचं, मोबाईल त्याचा, वेळ त्याचा. भाऊंच्या वाढदिवसाचा दहा बाय वीसचा फ्लेक्स म्हणजे २०० चौरस फूट. छपाई, लाकडी चौकट आणि बांधणी धरून तीन-चार हजार रुपये. परवानगी न घेता लावला तर १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि तो होतो फ्लेक्सवर खाली ज्याचं नाव आहे त्याच्यावर. वर मोठा फोटो ज्याचा आहे त्याच्यावर सहसा नाही. बदल्यात मिळतं काय? कार्यकारिणीत सचिवपद, तेही चाळीस सचिवांपैकी एक. क्वचित एखादं छोटं काम : खडीकरण, पेव्हर ब्लॉक, मजूर पुरवठा. हे काम मिळालं की पोराला वाटतं, आता गाडी रुळावर आली. नेमकं उलटं होतं. महापालिकेच्या कंत्राटात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला माणूस नगरसेवक व्हायला अपात्र ठरतो, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. मग कंत्राट भावाच्या नावावर, मेहुण्याच्या नावावर. पंचविशीतच ज्याला स्वतःचं उत्पन्न दुसऱ्याच्या नावामागे लपवावं लागतं, त्याच्याकडून पस्तिशीत पारदर्शक कारभाराची काय अपेक्षा करायची?

याहून महाग पडतात ते गुन्हे. यशवंत स्टेडियमपासून निघालेला मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर अडवला जातो, रेटारेटी होते, नावं लिहून घेतली जातात. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ च्या आदेशाचा भंग केला म्हणून कलम १३५, बेकायदा जमावाचं कलम, आणि एखाद्या कर्मचाऱ्याला धक्का लागला असेल तर सरकारी कामात अडथळा. पहिली दोन किरकोळ वाटतात, तिसरं तसं नाही. नेता सांगतो, ‘राजकीय गुन्हे आहेत, मागे घेतले जातात.’ ते अर्धसत्य आहे. जीवितहानी नाही आणि मालमत्तेचं नुकसान पाच लाखांच्या आत, अशा आंदोलनातले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकार अधूनमधून काढतं खरं. पण निर्णय निघाला म्हणून खटला संपत नाही. प्रकरण समितीसमोर जावं लागतं, समितीनं शिफारस करावी लागते, सरकारी वकिलानं न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयानं संमती द्यावी लागते. भाऊंचं प्रकरण कुणीतरी पाठपुरावा करून या टप्प्यांतून नेतं. यादीतल्या सतराव्या आरोपीसाठी कुणी फिरत नाही. तो पासपोर्ट काढायला जातो, पोलीस भरतीच्या साक्षांकन नमुन्यात माहिती भरतो, तेव्हा ते प्रकरण समोर येतं. ते लपवलं तर निवड रद्द होण्याचं कारण आपणच हातात दिलं. आंदोलन करू नये असं मी म्हणणार नाही, विदर्भात आंदोलनाशिवाय काही मिळालेलं नाही. पण आंदोलनाला जाताना वकिलाचा नंबर खिशात असावा, गुन्हा दाखल झाला तर प्राथमिक माहिती अहवालाची प्रत त्याच आठवड्यात काढून ठेवावी, दोषारोपपत्र दाखल झालं की नाही ते ई-कोर्ट्सवर स्वतः पाहावं आणि तारखा चुकवू नयेत. तारीख चुकली की वॉरंट निघतं आणि साधी केस अडचणीची होऊन बसते.

मग या वयात करावं काय? सगळ्यात आधी पोट. छोटं दुकान, वकिली, शिकवणी, इलेक्ट्रिकचं काम, काहीही. पण महिन्याचा खर्च निघेल एवढी कमाई भाऊंच्या कृपेबाहेरची हवी. ज्याचा पेट्रोलचा खर्च दुसरा भरतो, त्याला नाही म्हणता येत नाही.

दुसरं, मतदार यादी. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून कुणी करत नाही आणि म्हणूनच जो करतो त्याला पाच वर्षांनी डावलता येत नाही. एक केंद्र निवडावं. साधारण हजार-बाराशे मतदार, म्हणजे तीनशेच्या आसपास घरं. रोज संध्याकाळी पंधरा घरं केली तर वीस दिवसांत एक फेरी होते. नव्या नावासाठी नमुना ६, वगळण्यासाठी ७, पत्ता किंवा तपशील बदलण्यासाठी ८. आता वर्षातून चार पात्रता तारखा आहेत, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर, आणि सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. महापालिकेची यादी वेगळी तयार होत नाही; विधानसभेचीच यादी प्रभागाच्या सीमांप्रमाणे फोडली जाते. घोळ होतो तो इथे. सीमेवरच्या गल्लीतली अर्धी घरं शेजारच्या प्रभागात जातात, भाडेकरू जुन्याच पत्त्यावर राहतात, एकाच कुटुंबातले चौघं तीन केंद्रांवर विखुरतात. प्रारूप यादी लागल्यावर हरकतीसाठी मोजके दिवस मिळतात. तेव्हा ज्याच्याकडे घरनिहाय वही तयार असते तोच हरकत घेऊ शकतो. बाकीचे मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर आरडाओरडा करतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

तिसरं, एक विषय. ‘जनतेच्या समस्या’ हा विषय होत नाही. पाणी, ले-आउट (म्हणजे भूखंड पाडून वसवलेल्या वस्त्या), पावसाळी नाल्या, महापालिकेच्या शाळा, यातला एक. नागपुरात ले-आउटचा प्रश्न समजून घ्यायलाच वर्ष लागतं. १९३६ पासूनचं सुधार प्रन्यास, महापालिका आणि २०१७ नंतर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण यांच्या हद्दी एकमेकींत गुंतलेल्या. नियमित करायच्या ५७२ आणि १९०० अनधिकृत ले-आउटच्या याद्या. २००१ चा गुंठेवारी कायदा. भूखंड नियमित झाल्याचं पत्र, म्हणजे आरएल, मिळालं पण विकास शुल्क भरलेलं नाही, शुल्क भरलं पण नाली झाली नाही. बेसा-मानेवाड्याकडच्या वस्त्यांत कुणाच्या दारात जायचं हे ज्याला बिनचूक सांगता येतं त्याला फ्लेक्सची गरज पडत नाही.

विषय समजून घ्यायचं हत्यार माहितीचा अधिकार आहे, पण पोरं ते बोथट करून वापरतात. ‘रस्ता खराब का झाला?’ असं विचारलं की ‘मागणी माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ हे उत्तर येणारच. इथे ‘का’ विचारायचं नसतं, कागद मागायचा असतो. अमुक चौक ते तमुक चौक रस्त्याचं प्राक्कलन, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं, अंतिम देयक आणि दोषदायित्व कालावधी (रस्ता बिघडला तर ठेकेदारानं दुरुस्त करून द्यायची मुदत) नमूद असलेल्या करारनाम्याची प्रत. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. शुल्क दहा रुपये, पान दोन रुपयांना. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील. त्याआधी अभिलेख पाहण्याची मागणी करावी, पहिला तास फुकट असतो आणि फाईल समोर आली की नेमका कोणता कागद मागायचा ते कळतं. मोजमाप पुस्तिकेत थर ७५ मिलिमीटर लिहिला असेल आणि रस्त्यावर ४० भरत असेल, तर त्या एका कागदापुढे दहा मोर्चे फिके पडतात.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा सगळ्या पक्षांची तरुण मुलं धावली. जेवणाची पाकिटं वाटली, चिखल उपसला, म्हाताऱ्यांना खांद्यावर घेतलं. त्यांच्या धावण्याला मोल आहे. पण पुढे नदीपात्रातल्या अडथळ्यांचं आणि धरणाच्या मजबुतीकरणाचं काय झालं, हे प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात नेले ते काही रहिवाशांनी. राजकारणात जाऊ इच्छिणाऱ्या मुलांमध्ये त्या याचिकेतले आदेश वाचलेले किती, हा प्रश्न मला सतावतो. उद्या सभागृहात पुराच्या खर्चाला हात वर करायचा आहे तो याच मुलांनी.

कागदपत्रांचं काम वयाच्या विशीतच उरकावं. आरक्षित जागेवर लढायचं तर जात प्रमाणपत्र आणि वैधता दोन्ही लागतात. पुरावा अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या, विमुक्त-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. त्यामुळे इथल्या कित्येक घरांतल्या आजोबांच्या शाळेचा दाखला छिंदवाडा, बालाघाट किंवा शिवनीचा निघतो आणि वरच्या तारखेला, म्हणजे मानीव दिनांकाला, कुटुंब महाराष्ट्राच्या हद्दीत होतं हे सिद्ध करताना दमछाक होते. हे अर्ज भरायच्या आठवड्यात होत नाही. वडिलांच्या, काकांच्या वैधतेपासून सुरुवात करावी लागते. शिवाय अनधिकृत बांधकाम आणि मालमत्ता कराची थकबाकी हे दोन मुद्दे छाननीच्या टेबलावर हमखास निघतात. वरच्या मजल्यावरच्या वाढीव खोलीनं अर्ज अडचणीत आणू नये असं वाटत असेल तर तिचा नकाशा आजच तपासावा.

मुलींसाठी हे सगळं दुप्पट अवघड. निम्म्या जागा स्त्रियांच्या, पण सोडत निघेपर्यंत त्यांना कुणी तयार करत नाही. पाच वर्षं प्रभाग बांधला मुलानं, सोडतीत जागा महिलेची निघाली की उभी राहते त्याची आई किंवा बायको, आणि महाविद्यालयात शिबिरं घेणारी, वक्तृत्व गाजवणारी मुलगी घरी. जिला खरंच लढायचं आहे तिनं दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. लग्नानंतरही जात माहेरचीच धरली जाते, म्हणून वैधता लग्नाआधी काढावी. आणि नंतर नाव बदललं तर राजपत्र, आधार, मतदार यादी, पॅन यांत एकच नाव राहील असं पाहावं. चार कागदांवर चार नावं असली की हरकत घेणाऱ्याला आयतं कोलीत मिळतं. उभं राहायला शहरातल्या कुठल्याही प्रभागाच्या यादीत नाव चालतं, पण लग्न होऊन हिंगणा किंवा कामठीला गेलं आणि नाव तिकडे नेलं की महापालिकेचा रस्ता बंद. जो पक्ष महिला आघाडीत चाळिशीच्या आतल्या, स्वतःच्या कामावर आलेल्या बायका दाखवू शकत नाही, त्यानं पन्नास टक्क्यांचं श्रेय घेऊ नये.

निवडणूक लढवून हरलेल्यांनी एक चूक हमखास टाळावी. खर्चाचा हिशेब निकालानंतर तीस दिवसांत द्यायचा असतो, हरलेल्यानंसुद्धा. हरलेली पोरं उद्विग्न होऊन गावी निघून जातात, पावत्या कार्यकर्त्याकडे राहतात आणि हिशेब न दिल्याबद्दल तीन वर्षांपर्यंतची अपात्रता गळ्यात पडू शकते. म्हणजे पुढच्या वेळची तयारी मागच्या पराभवाच्या महिन्यातच संपली.

पक्षांकडून मागायचं ते फार नाही. युवा आघाडीची पदं चाळीसवरून दहावर आणा आणि प्रत्येकाला एक झोन, एक विषय द्या. लक्ष्मीनगरपासून मंगळवारीपर्यंत शहराचे दहा झोन आहेत, दहा पोरं पुरतात. वर्षाअखेरीस त्यानं किती गर्दी आणली हे विचारू नका. झोनच्या अंदाजपत्रकातली किती कामं सुरू झाली, किती अडली आणि का, हे त्याच्याकडून लेखी घ्या. ज्याला ते सांगता आलं त्याला एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, द्यायला जिल्हाध्यक्षाला मुंबईच्या फोनची वाट पाहावी लागू नये.

तोवर हातात असलेली एक पायरी आहे आणि तीही रिकामी पडली आहे. नागपूर पदवीधर मतदारसंघाच्या आमदाराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं तयार होते; मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेलच असं नाही. १ नोव्हेंबरच्या पात्रता तारखेआधी किमान तीन वर्षं पदवी झालेली असावी, नमुना १८ भरावा, सोबत पदवी प्रमाणपत्राची किंवा गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत जोडावी. पक्षाच्या कार्यकर्त्यानं गठ्ठ्यानं आणून दिलेले अर्ज घेतले जात नाहीत. ज्याचा त्यानं द्यायचा असतो, फार तर घरातल्यांचे एकत्र. त्यामुळे भाऊंच्या कार्यालयात बसून हे काम होत नाही, गल्लीत एकेकाच्या दारी जाऊन प्रत्येकाला झोन कार्यालयापर्यंत किंवा तहसीलपर्यंत न्यावं लागतं. रविभवनासमोर उभ्या असलेल्या त्या पोरांपैकी काहींच्या पदवीला तीन वर्षं होऊन गेली आहेत. त्यांची स्वतःची नावं तरी यादीत आहेत का, इथून सुरुवात करता येईल.